एमएमए सोडून प्रो-रेसलिंगकडे वळावं का? वेंगुर्ल्याच्या एका फायटरला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 26, गाव वेंगुर्ल्याजवळ, शाळेत ज्युदो, पुढे मुंबईत किकबॉक्सिंग आणि एमएमए (ठोसे, लाथा, फेकी, पकडी सगळं चालणारी मिश्र लढत), हौशी गटात बऱ्याच फाइट्स, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन. सध्या घरच्या आंबा-काजूच्या कामात मदत करता आणि आता प्रो-रेसलिंगमध्ये, म्हणजे टीव्हीवरच्या निकाल आधी ठरलेल्या कुस्तीत, जावंसं वाटतंय. खरा फायटर असल्याचा तिथे फायदा होतो का, कोकणात राहून तयारी होईल का, आणि 'शेवटी नाटकच ना ते' म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी बॉक्सिंग केलं, मग पंजाबात जाऊन प्रो-रेसलिंग शिकलो, काही वर्षं उत्तरेकडच्या शोमध्ये काम केलं आणि आता रत्नागिरीत मुलांना शिकवतो. माझ्याकडे बॉक्सर येतात, ज्युदोवाले येतात, घाटावरून मातीतले पैलवान येतात, तायक्वांदोची पोरं येतात. लिहितोय ते त्यांच्याबरोबर काम करताना जे दिसलं त्यावरून.

तुम्ही विचारलंय ताकदीबद्दल आणि तंत्राबद्दल. ती तुमच्याकडे पुरेशी असणार, त्याची काळजी मला वाटत नाही. फायटर अडतो ते दुसऱ्याच ठिकाणी. लढणारा माणूस वर्षानुवर्षं लपवायला शिकलेला असतो. बरगडीखाली ठोसा बसला, श्वास अडकला, तरी चेहरा हलू द्यायचा नाही, कारण समोरच्याला कळलं तर तो तिथेच दुसरा मारणार. दम लागला तरी तोंड बंद. डावा पाय उचलायचा असेल तर खांद्याने उजव्याचा भास द्यायचा. प्रो-रेसलिंगमध्ये हे सगळं उलटं करावं लागतं. दुखलं ते शेवटच्या रांगेतल्या आजोबांना दिसलं पाहिजे, मारायच्या आधी हात वर गेला पाहिजे, थकवा खांद्यातून, गुडघ्यातून, चालण्यातून वाचता आला पाहिजे. पाठीवर पडायला शिकणं काही महिन्यांचं काम आहे. ही लपवण्याची सवय सुटायला मात्र फार वेळ लागतो, आणि काहींची ती कधीच सुटत नाही.

दुसरी अडचण विश्वासाची. एमएमएच्या पिंजऱ्यात तुम्ही स्वतःला सांभाळता, समोरचा स्वतःला सांभाळतो आणि दोघांचं चुकलं तर पंच आहे. प्रो-रेसलिंगमध्ये तुम्ही ज्याला डोक्यावर उचलता त्याने आपला बचाव तुमच्या भरवशावर सोडून दिलेला असतो. त्याची मान त्या क्षणी तुमच्या हातात असते. पुढच्या मिनिटाला तुमची मान त्याच्या हातात. एमएमएवाल्याला नेमकं हेच जड जातं. कुणी कमरेला हात घातला की त्याचे पाय आपोआप मागे फेकले जातात, वजन खाली जातं. उचलणारा अर्ध्यात अडकतो आणि दोघंही वाकडे पडतात. दुखापती होतात त्या अशा अर्धवट उचलीत.

खेळाखेळाप्रमाणे हे बदलतं, म्हणून थोडं वेगवेगळं सांगतो. बॉक्सरची नजर समोरच्याच्या छातीवर खिळलेली असते, हात गालाशी चिकटलेले, त्यामुळे प्रेक्षकांना त्याचा चेहराच दिसत नाही. शिवाय तो हनुवटी शोधतो, ठरलेल्या जागी हलकं मारायचं तरी हात तिकडेच जातो. किकबॉक्सिंग, तायक्वांदोच्या मुलांची लाथ सुंदर दिसते, फक्त अंतर चुकलं की समोरच्याचे दात जातात. त्यांना मी आधी छातीवर आणि मांडीवर नडगी सपाट टेकवायला लावतो, वेग तसाच ठेवून जोर सोडायला शिकवतो. मातीतला पैलवान पकडीत उत्तम, पण चीतपट व्हायची कल्पनाच त्याला सहन होत नाही. पाठ जमिनीला लागू द्यायची नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. ज्युदोवाल्याचं गणित सगळ्यात लवकर जुळतं, आणि म्हणून तुमच्या प्रश्नात शाळेतला ज्युदो वाचून मला बरं वाटलं. ज्युदोत पहिल्या दिवसापासून पडायला शिकवतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सराव करताना फेकणारा समोरच्याची बाही वर ओढून धरतो, तो नीट पडावा म्हणून. दुसऱ्याला सांभाळून टाकण्याची ही सवय तुम्हाला आहेच. फरक एवढाच की ज्युदोत बऱ्याचदा कुशीवर पडून एका हाताने गादी थोपटतात. इथे हनुवटी छातीला, श्वास बाहेर, दोन्ही तळवे एकदम आणि भार पाठीच्या वरच्या रुंद भागावर. डोकं आणि कमरेचा मणका दोन्ही वाचले पाहिजेत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पहिल्या आठवड्यातच टोचेल. अमेरिकी पद्धतीत पकडी बहुतेक डाव्या बाजूने होतात: डाव्या हाताची पकड, डाव्या काखेत डोकं. मेक्सिकोत हेच उजवीकडून. हे ठरलेलं असल्यामुळे अनोळखी माणसाबरोबरही काम करता येतं. तुम्ही उजव्या बाजूने फेकायची सवय घेऊन गेलात तर समोरच्याला तुमचा अंदाज येणार नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने डावी बाजू धरूनच बसा.

फक्त खेळाची पार्श्वभूमी चांगली असून भागत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण ज्युदोतलंच आहे. जपानचा नाओया ओगावा 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता. 4 जानेवारी 1999 ला टोकियो डोममध्ये शिन्या हाशिमोतोविरुद्धच्या सामन्यात त्याने ठरलेलं सोडून हाशिमोतोला खरोखर मारलं. सामना निकालाविना संपला आणि रिंगमध्ये दोन्ही बाजूंच्या माणसांची हाणामारी झाली. पुढे हे दोघं जोडीदार म्हणूनही उतरले, ही गोष्ट वेगळी. पण फायटर तालमीत येतो तेव्हा जुन्या रेसलरांच्या मनात भीती असते ती हीच: राग आला, अहंकार दुखावला, तर हा खरं मारेल का? तुम्ही सांगून ती भीती जाणार नाही. आपल्यापेक्षा हलक्या पोराला तुम्ही कसं उचलता आणि कसं खाली ठेवता, हे ते महिनोन्महिने बघतील.

दोन्हीकडचं अर्धं अर्धं घेतलं की काय होतं ते 26 जून 1976 ला टोकियोत दिसलं. मुहम्मद अली विरुद्ध अँटोनिओ इनोकी. एक जगज्जेता बॉक्सर, दुसरा जपानचा सर्वांत मोठा प्रो-रेसलर. नियमांनी इनोकीचे हात बांधले गेले होते, म्हणून तो पंधराच्या पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. निकाल बरोबरी. प्रेक्षक वैतागले आणि अलीच्या पायांना इतका मार बसला की त्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. मी मुलांना ही लढत पूर्ण बघायला लावतो. दोघंही आपापल्या विद्येत थोर, पण एकमेकांना काय द्यायचं हेच ठरलेलं नव्हतं. असं झालं की ना लढाई होते ना खेळ.

उलटं उदाहरणही आहे. 1998 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (अमेरिकेची प्रो-रेसलिंग कंपनी, आजची डब्ल्यूडब्ल्यूई) आपल्याच रेसलरांना खऱ्या ठोसेबाजीच्या स्पर्धेत उतरवलं. कित्येकांना दुखापती झाल्या. बार्ट गन जिंकला, आणि पुढच्या वर्षी रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, त्याला बटरबीन या मुष्टियोद्ध्यासमोर उभं केलं. 35 सेकंदांत तो आडवा. एका विद्येचा माणूस दुसरीत गेला की पहिल्या पायरीपासून सुरुवात, हे दोन्ही दिशांना खरं आहे.

ज्यांना जमलं त्यांच्याकडे मी जास्त बारकाईने बघतो. कर्ट अँगलने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचं सुवर्ण घेतलं. 1998 ला डब्ल्यूडब्ल्यूएफशी करार, पण टीव्हीवर पहिला मोठा सामना नोव्हेंबर 1999 मध्ये. मधला काळ नुसती शिकवणी. तो यशस्वी झाला याचं कारण मला त्याच्या पकडींपेक्षा त्याच्या स्वभावात दिसतं. गळ्यात खरी पदकं घालून तो लोकांना उपदेश करायचा, लोक हुर्यो उडवायचे, आणि ती हुर्यो तो आनंदाने अंगावर घ्यायचा. खऱ्या विजेत्याला स्वतःची टिंगल सहन करणं फार अवघड असतं. त्याच्या शेजारी गेबल स्टीव्हसन ठेवून बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं 125 किलो गटातलं सुवर्ण, 2021 मध्येच डब्ल्यूडब्ल्यूईचा करार, शरीर बघावं तर अफाट. तरी मोजके सामने झाले आणि 2024 मध्ये कंपनीने त्याला सोडलं. कुस्तीत तो अँगलहून कमी होता असं कुणी म्हणणार नाही.

ब्रॉक लेसनरबद्दल तुम्ही लिहिलंय की 'तो खरा फायटर म्हणून चालला'. अर्धं बरोबर आहे. 2000 मध्ये तो अमेरिकेचा विद्यापीठ कुस्तीतला हेवीवेट विजेता होता, 2002 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आला, 2008 मध्ये रँडी कुटुअरला हरवून यूएफसी या एमएमए स्पर्धेचा हेवीवेट विजेता झाला आणि 2012 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत परत आला. पण क्रम बघा. प्रो-रेसलिंग त्याने आधी शिकलं होतं, टीव्हीवर यायच्या आधी अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या छोट्या प्रशिक्षण गटात. त्याचे मला आवडणारे सामने सगळे लहान चणीच्या माणसांबरोबरचे: एडी गरेरो, एजे स्टाइल्स, डॅनियल ब्रायन. एवढा धिप्पाड माणूस कितीतरी हलक्या माणसाचा घाव असा काही अंगावर घेतो की आपल्याला तो घाव खरा वाटतो. तुम्हाला शिकायचं असेल तर लेसनर मारताना बघू नका, मार खाताना बघा.

रोंडा राउझीचं उदाहरण तुमच्या सगळ्यात जवळचं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्य, मग यूएफसीची पहिली महिला बँटमवेट (हा एक वजनगट) विजेती, आणि एप्रिल 2018 मध्ये रेसलमेनियात पहिला सामना. तो अप्रतिम झाला, कारण त्याची तालीम कसून झाली होती आणि सोबत कर्ट अँगल आणि समोर ट्रिपल एच अशी मुरलेली माणसं होती. तिच्या फेकी, तिचा आर्मबार (समोरच्याचा कोपर ताणणारी पकड), सगळं तिच्याच खेळातलं आणि म्हणून पटणारं. पुढे प्रेक्षक विरोधात गेले तेव्हा मात्र तिला ते जड गेलेलं स्पष्ट दिसलं. केन वेलास्केजचं वेगळं. यूएफसीचा हा माजी हेवीवेट विजेता ऑगस्ट 2019 मध्ये मेक्सिकोत प्रो-रेसलिंगच्या सामन्यात इतका सहज खेळला की मी थक्क झालो होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर रियाधमध्ये लेसनरपुढे दोन मिनिटांच्या आत हार आणि 2020 मध्ये करार संपला. नाव मोठं असलं की पहिला सामना मिळतो. दुसरं वर्ष नावावर निघत नाही.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: फायटर असल्याचा फायदा नक्की आहे. शिस्त, दम, वेदनेची सवय आणि तुमच्या हालचालीला असलेला खरेपणा. हा खरेपणा विकत मिळत नाही. पण तो कामी येतो ते तुम्ही दाखवायला, हरायला आणि समोरच्याला जपायला शिकल्यावर.

आता घरचे. 'नाटक' म्हणतात तर त्यांना हो म्हणा आणि विचारा, जत्रेतला दशावतार तुम्हाला खोटा वाटतो का? तुम्ही सिंधुदुर्गातले, तुम्हाला समजावायची गरज नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, कोण कुणाचा वध करणार ते पोरासोरांनाही ठाऊक, संवाद मात्र जागच्या जागी सुचतात. मृदंग आणि झांजेवर राक्षस आणि देवाचं युद्ध सुरू झालं की थंडीत कांबळं पांघरून बसलेला माणूस सरसावून बसतो. प्रो-रेसलिंगचा सामना बहुतेक असाच चालतो: शेवट ठरलेला, मधले काही टप्पे ठरलेले, बाकी सगळं समोरच्याच्या कानात कुजबुजत, प्रेक्षक कुठे गरम झाले ते ऐकत बांधायचं. दशावतारातला चांगला राजा समोरच्या नटाला वाक्य टाकायला जागा देतो, त्याच्या बोलण्यावर मागे सरकतो, म्हणून त्याचा स्वतःचा रुबाब वाढतो. माझं तुम्हाला सांगणं आहे की डिसेंबर-जानेवारीच्या जत्रांत जाऊन चार रात्री हे डोळे उघडे ठेवून बघा. युद्धाच्या वेळी पाय कुठे, तोंड कुठे, थांबतात कधी. मी रत्नागिरीच्या मुलांना घेऊन मुद्दाम तिकडे येतो. आणि बोलायचा सराव आधी मालवणीत करा. कंपन्यांच्या निवड चाचणीत हिंदी-इंग्रजी लागेल, पण धिटाई आपल्या भाषेत आली की मग दुसऱ्या भाषेत नेता येते.

घरच्या मोठ्यांना हेही आठवत असेल की वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या लढती बघायला गिरणगावातले चाकरमानी जायचे. दारासिंग आखाड्यातलाच माणूस. 1968 मध्ये मुंबईत त्याने अमेरिकी रेसलर लू थेझला हरवलं ते आजही सांगितलं जातं. त्या माणसाला कुणी कमी लेखलं नाही.

कोकणात राहून किती होईल? पाया बराच होईल, पण रिंगशिवाय पुरं होणार नाही. प्रो-रेसलिंगची रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. तिच्यावर पडणं आणि ज्युदोच्या गादीवर पडणं यात फार फरक आहे. रोपवर, म्हणजे रिंगभोवतीच्या दोरांवर, धावत जाऊन पाठ टेकवून परत येणं हेही रिंगशिवाय शिकता येत नाही. पहिल्या दिवशी पाठीवर आणि काखेखाली वळ उठतात. घरच्या घरी कोलांट्या, गादीवर पाठीवरचं पडणं, मान आणि पोटाचे व्यायाम, स्क्वॉट, आरशासमोर चेहऱ्याचं काम, एवढं करा. समुद्रावर धावा जरूर, पण पडायचा सराव वाळूत नको. कोरडी वाळू शरीराला आत घेते, खोटा आत्मविश्वास येतो. ओली वाळू पुळणीवर सिमेंटसारखी घट्ट असते. जवळ मातीचा हौद असेल तर तो उत्तम. आणि पावसाळ्यात गाद्या रोज पुसून वाळवा. आपल्याकडच्या दमटपणात गाद्यांना बुरशी धरते आणि अख्ख्या वर्गाला गजकर्ण होतो. ही किरकोळ बाब वाटते, पण त्यापायी मुलांचे आठवडेच्या आठवडे जातात.

पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जावं लागेल. डब्ल्यूडब्ल्यूईत गाजलेल्या खलीने जालंधरला काढलेली अकादमी तुम्हाला माहीत असेलच. हरियाणाची कविता देवी तिथेच शिकली. वेटलिफ्टिंगमधून आलेली ही मुलगी 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिला स्पर्धेत सलवार-कमीजमध्ये उतरली. डब्ल्यूडब्ल्यूईने 2019 मध्ये मुंबईतही चाचणी घेतली होती. अशा चाचणीत आधी दमसास बघतात, कोलांट्या आणि रोप बघतात, मग कॅमेऱ्यासमोर बोलायला लावतात. बोलण्यात गळणारे फायटर मी पुष्कळ पाहिलेत. कुठेही प्रवेश घेण्याआधी दोन दिवस नुसतं बसून बघायची परवानगी मागा. शिक्षक नवख्याला पहिल्या आठवड्यात उंचावरून टाकत असेल, डोक्याला लागलं तर 'उठ रे, काही नाही' म्हणत असेल, तर पैसे भरू नका. शोचा करार लेखी घ्या, त्यात प्रवास, मुक्काम आणि दुखापतीचा खर्च कुणाचा ते लिहिलेलं असू दे. मला एका आयोजकाने दोन शोचे पैसे शेवटपर्यंत दिले नाहीत. माझ्याकडे कागद नव्हता म्हणून मागायलाही जागा नव्हती.

शरीराबद्दल मी सगळ्यात कडक आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना प्रो-रेसलिंग करता येतं, पण सगळं करता येईल असं नाही. वरच्या रोपवरून उड्या तुमच्यासाठी नाहीत, निदान पहिली दोन वर्षं नाहीत. तुमची शैली जमिनीवरची असू दे: फेकी, पकडी, हाताचे कुलूप. त्यातच तुमचा खरेपणाही दिसेल. मानेचा एक्स-रे आणि गरज वाटली तर एमआरआय काढून घ्या. आणि एमएमएत किती वेळा डोक्याला जोराचा मार बसला, नंतर उलटी, अंधारी, आठवण पुसट होणं असं काही झालं का, ते डॉक्टरांना खरं सांगा. पडताना डोकं आपटलं नाही तरी मेंदूला झटका बसतो. फायटर आधीच बरंच सोसून आलेला असतो. हे दोन्ही मार एकाच डोक्यात साठतात.

म्हणूनच दोन्ही एकत्र चालवू नका, असं मी स्पष्ट सांगतो. 'शनिवारी फाइट, सोमवारी रेसलिंगचा वर्ग' असा तुमचा विचार दिसतो. डोक्याला विश्रांती मिळत नाही हे एक. दुसरं असं की फाइटच्या तयारीत असलेलं शरीर पकडीला विरोध करतंच, आणि त्याची किंमत तुमचा जोडीदार मोजतो. पुढची फाइट ठरली असेल तर ती लढा. मग किमान सहा महिने फक्त हे करा.

त्या सहा महिन्यांत एक गोष्ट तपासा. आपल्यापेक्षा वीस किलो हलक्या मुलाबरोबर दहा मिनिटांचा सामना करा आणि त्यात हरा. त्याचं व्हिडिओ शूटिंग घरच्यांना दाखवा, काही न सांगता. त्यांना तो मुलगा आवडला, तुमची थोडी कणव आली, तर तुम्हाला हे जमणार आहे. बघताना त्यांना सारखं वाटलं की 'हा मुद्दाम हरतोय', तर अजून काम बाकी आहे. आणि हरताना तुमच्या मनाला खरोखर डागण्या बसत असतील, रात्री झोप लागत नसेल, तर एमएमएमध्येच राहा. त्यात कमीपणा काही नाही, तुमच्या वयात तिथे अजून बरंच करण्यासारखं आहे.

गुडघ्याचे रिपोर्ट आणि ऑपरेशननंतर फिजिओथेरपी किती काळ केली ते कळवा. दोन्ही मांड्यांच्या स्नायूंची ताकद सारखी आली आहे का हे फिजिओकडून मोजून घ्या. त्यावरून कोणत्या पडण्यापासून सुरुवात करायची ते मला सांगता येईल.